रोह्याला कोणती बंदूक?

एका तालुक्याच्या बैठकीची गोष्ट. कपाशीच्या भावावर बोलून झाले, बोंडअळीवर बोलून झाले, वीजबिलावर तर दोनदा बोलून झाले. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इतकं वाचता, मंग एकच सांगा. रोह्याले कोणती बंदूक लागते?" मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो. नंतर मात्र आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटली. पंप किती हॉर्सपॉवरचा घ्यावा, पेरणीला तिफण बरी की ट्रॅक्टर, तसाच हा प्रश्न होता. कामाला कोणते अवजार लागते, एवढेच त्याने विचारले होते. आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते.

रोही म्हणजे काय हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. ज्वारीच्या कणसात दाणा भरायला लागला की घरातला एक माणूस घराचा राहत नाही, तो रानाचा होतो. माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा बडवायचा, टेंभा फिरवायचा, गोफण फिरवायची आणि पहाटे डोळा लागला की कळपाने येऊन काम उरकायचे. कपाशीचे शेंडे जातात, तूर जाते, हरभरा तर घाटे धरण्याआधीच जातो. रानडुक्कर खाते त्याच्या दुप्पट लोळवते. पूर्वी लेव्हीची ज्वारी सरकार उचलून नेत असे. लेव्ही गेली, पण तिच्या जागी हा चार पायांचा वसुली अधिकारी आला. याच्याकडे पावतीही नसते. खरिपाची ज्वारी आमच्या भागात कमी होत गेली त्याला भाव, मजूर आणि सोयाबीन अशी बरीच कारणे आहेत. पण राखण करायला माणूस नाही म्हणून ज्वारी सोडली असे सांगणारे घर प्रत्येक गावात सापडते.

त्या म्हाताऱ्याचे उत्तर शोधायला आम्हाला फार लांब जावे लागले. थेट अमेरिकेतल्या टेक्सासपर्यंत. त्याला कारण आहे. टेक्सासच्या दक्षिणेला समुद्राच्या बाजूने किंग्सव्हिल, कॉर्पस क्रिस्टी हा सगळा टापू आमच्यासारखाच आहे. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस, आणि पीक कोणते? कोरडवाहू कापूस आणि ज्वारी! तिथे रोहीसुद्धा आहेत. १९३० च्या सुमारास तिथल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य मालमत्तेवर आपल्याकडचे रोही नेऊन सोडले. १९३२ साली त्याच राज्यात आपले काळवीट आणि चितळही नेले. तिन्ही तिथे रुळले, वाढले आणि आज हजारोंनी आहेत. म्हणजे जमीन तशीच, पीक तेच, जनावरही तेच. फरक कशात आहे ते पाहू.

टेक्सासच्या कायद्यात ही जनावरे परदेशी आहेत. खाजगी जमिनीवर त्यांना मारायला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. शिकारीचा साधा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की झाले. शहरातला शिकारी येतो आणि एका मोठ्या नर रोह्यासाठी जमीनमालकाला हजाराच्या वर डॉलर मोजतो. मांस घरी नेतो, ते हॉटेलातही विकले जाते. तिथेही रोह्याचे लाड चालतात असे नाही. गुरांना ताप आणणारी गोचीड तो वाहून नेतो म्हणून सरकारी माणसेसुद्धा त्याला टिपतात. पण शेतकऱ्याच्या हिशेबात रोही जमेच्या बाजूलाही बसतो. आमच्याकडे तो फक्त नुकसानीच्या बाजूला आहे.

आता बंदूक. टेक्सासचा शेतकरी हरणासाठी पहिली आणि एकुलती एक बंदूक घ्यायला निघतो, तेव्हा बहुतेक वेळा बोल्ट-ॲक्शन रायफल घेऊन परत येतो. रायफलीच्या नळीत आतून पेच कापलेले असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. बोल्ट-ॲक्शन म्हणजे काय ते समजायला दाराची कडी आठवावी. कडी उचलून मागे ओढली की वापरलेल्या काडतुसाचे रिकामे टरफल बाहेर उडते. पुढे ढकलली की खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत बसते. कडी खाली पाडली की दार बंद. जर्मनीच्या माउझरने १८९८ साली ही रचना जी पक्की केली, तिच्यात सव्वाशे वर्षांत फारसे बदलावे लागलेले नाही. भाग थोडे, धूळ-पाण्याला दाद न देणारे. दार घट्ट बसते म्हणून गोळी एकाच जागी पडते. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे कडी उघडी ठेवली की बंदूक रिकामी आहे हे चार माणसांना लांबून दिसते. दुसरी गोळी झाडायची तर हाताने कडी ओढावी लागते. तेवढा एक श्वास माणूस विचार करतो.

मग काडतुसाचा प्रश्न. दुकानात गेले की पन्नास नावे ऐकू येतात, आणि तिथले शिकारी त्यावर जन्मभर भांडतात, जसे आमच्याकडे बियाण्याच्या वाणावरून पारावर भांडतात. पण त्यातली चार-पाच नावे समजली तरी पुरे. अमेरिकन लष्कराने १९०६ साली घेतलेले काडतूस म्हणजे ३०-०६. यातला ०६ म्हणजे ते साल. त्याचेच तोंड आवळून १९२५ मध्ये २७० झाले. १९५२ साली ३०८ आले, ते थोडे आखूड. त्याच्यावरून १९५५ मध्ये २४३ काढले, ते धक्का कमी देणारे आणि हलक्या गोळीचे. तिथले साधे हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. ते ५० ते ९० किलोच्या घरात भरते. त्याला यांतले कोणतेही चालते. पोरगा किंवा हलक्या अंगाची बाई असेल तर २४३ उत्तम, कारण जोराचा धक्का खांद्याला बसला की माणूस पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटतो, आणि डोळे मिटले की जनावर मरत नाही, जखमी होते.

पण एकच रायफल घ्यायची आणि तिने हरीणही मारायचे, रानडुक्करही आणि रोहीही, असे असेल तर उत्तर बदलते. रोही म्हणजे हरीण नव्हेच. मोठा नर २०० किलोच्या पुढे जातो. मानेची आणि छातीची कातडी इतकी जाड की रक्त बाहेर सांडत नाही, माग काढता येत नाही. गोळी लागलेला रोही पळत दोन शेते ओलांडून जातो. टेक्सासचे जाणते लोक त्याला २४३ वापरू नका म्हणून बजावतात. ३०-०६ ही खालची पायरी धरतात आणि पुष्कळ जण त्याहूनही मोठे काडतूस घेतात. ३०-०६ ची खुबी अशी की त्याच रायफलीत हरणासाठी १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे १० ग्रॅमची गोळी घालता येते आणि रोह्यासाठी १८० ग्रेनची, सुमारे १२ ग्रॅमची. बंदूक तीच, गोळी जनावराप्रमाणे. हरफनमौला म्हणतात ती ही बंदूक. वजन तीन-साडेतीन किलो. फार हलकी घेतली तर चालायला बरी, पण धक्का जास्त. फार जड घेतली तर ती घरीच राहते. दस्ता लाकडी की प्लॅस्टिकचा हा हौसेचा भाग. पावसात प्लॅस्टिक फुगत नाही, एवढे खरे.

इथे एक गोष्ट आम्हाला ठळक सांगायची आहे. तिथले जुने शिकारी नव्या माणसाला सांगतात की पैसे रायफलीत कमी घाला, दुर्बिणीत आणि सरावाच्या काडतुसांत जास्त घाला. आज तिथे ५०० डॉलरच्या आसपासची साधी रायफलसुद्धा १०० यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत गोळ्या टाकते. चुकतो तो माणूस. म्हणून हंगामाच्या आधी कागदाच्या लक्ष्यावर दुर्बीण जुळवून घ्यायची, टेका घेऊन मारायचे, पुढच्या पायाच्या मागे छातीतच मारायचे आणि तिथे मारता येत नसेल तर चापाला बोट लावायचे नाही. शिकारी हे दयेच्या भाषेत बोलत नाहीत, कामाच्या भाषेत बोलतात. पण त्यातून जनावराला जी दया मिळते, ती आमच्याकडच्या कित्येक दयाळू कायद्यांतून मिळत नाही.

तिथे बंदुकीला मोकळे रान आहे असे समजू नये. इलिनॉय, आयोवा ही मक्याची सपाट राज्ये आहेत. घरे जवळ, जमीन पाटासारखी. तिथे कित्येक वर्षे हरणाच्या शिकारीला लांब पल्ल्याची रायफल चालतच नव्हती, बारा बोअरसारख्या बंदुकीतून एकच जड गोळी मारायची, कारण ती लांब जात नाही. आज थोडी सूट मिळाली आहे, तीही मोजून-मापून. म्हणजे जमीन पाहून बंदूक ठरते. दुसरे असे की अमेरिकेत १९०० च्या सुमारास हरीण जवळजवळ संपले होते, काही लाखच उरले होते असा अंदाज सांगतात. आज ते कोटींमध्ये आहे. हे कसे झाले? बाजारासाठी मारणे बंद केले, हंगाम ठरवले, आणि १९३७ साली कायदा करून रायफलींवर आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. बंदूक विकत घेणारा हरणाच्या चाऱ्या-पाण्याचे पैसे भरतो. आमच्याकडे हे पैसे कोण भरतो? ज्याच्या शेतात हरीण चरते तो. आणि त्याला कुणी पावतीही देत नाही.

आता घरी येऊ. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्र कायदा केला. गोऱ्याला परवान्याची गरज नाही, काळ्याने मात्र अर्ज करावा. स्वराज्य आले आणि १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला. त्याचे कलम १३ प्रत्येक शेतकऱ्याने एकदा वाचावे. पीक संरक्षणासाठी खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्यावा असे त्यात आहे. कोणती बंदूक? ठासणीची! नळीच्या तोंडातून दारू घाला, चिंध्या घाला, छर्रे घाला, गजाने ठासा, टोपी चढवा. आजोबांच्या आजोबांची बंदूक. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर त्याने दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअर, द्यावी अशीही सोय आहे. रायफल मात्र या सोयीत बसत नाही. तिच्यासाठी सबळ कारण दाखवा, आणि कारण सबळ आहे की नाही ते जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला साहेब ठरवणार, ज्याने रात्र माळ्यावर कधी काढलेली नाही.

ठासणीच्या बंदुकीने रोही मरतो का? कधी मरतो. ओल्या हवेत टोपी फुसकी जाते. बार झाला तर छर्रे पसरतात, आणि ३०-४० पावलांच्या पुढे २०० किलोच्या जनावराच्या जाड कातडीत ते रुतून बसतात. जनावर जाते. चार दिवसांनी नाल्यात कुजलेले सापडते, किंवा सापडतच नाही. दुसरा बार भरायला पाऊण मिनिट लागते, तोवर कळप शिवेपलीकडे. बारा बोअर त्याहून बरी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तिची काडतुसे बनत आली आहेत, जाड छर्ऱ्याची मिळतात, रानडुकरासाठी जवळून ती कामाची आहे. पण तीही ३०-४० पावलांचीच बंदूक. उघड्या रानातला रोही तुम्हाला तेवढे जवळ येऊ देत नाही. प्राण्यांवर दया करणाऱ्या मंडळींनी हे समजून घ्यावे. जनावराला तडफडवण्याचे खास अवजार शोधायला कुणाला सांगितले असते, तर त्याने हेच शोधले असते.

बोल्ट-ॲक्शन रायफल आपल्या देशात नाही असे नाही. बंगालमध्ये ईशापूरला सरकारी रायफल कारखाना आहे. तिथे ३१५ बोअरची रायफल बनते. कडी ओढायची, पेटीत पाच काडतुसे. हिच्या जन्माची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्रज फौजेचे काडतूस होते ३०३. फौजेचे काडतूस नेटिवाच्या हाती जाऊ नये म्हणून ते खाजगी माणसाला बंद केले. मग बंदूकवाल्यांनी तोडगा काढला. रायफल तशीच ठेवली आणि काडतूस वेगळे घातले, म्हणजे फौजेचे काडतूस चोरले तरी या बंदुकीत बसायचे नाही. त्यातून हिंदुस्थानात ३१५ रुजली. इंग्रज गेले, ती भीती गेली नाही. आजही ३०३ सर्वसामान्याला बंद आहे आणि ३१५ खुली आहे. खुली म्हणजे परवाना मिळाला तर! ३१५ ची गोळी जड, सुमारे १६ ग्रॅमची, पण संथ. लांबवर ती खाली झुकते. १००-१५० पावलांच्या आत मात्र रोह्याला आणि डुकराला ती पुरते. ईशापूरचा कारखाना ३०-०६ ची रायफलही बनवतो. म्हणजे म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर सरकारच्याच कारखान्यात पडून आहे. शेतकऱ्यासाठी ते कुलपात आहे, एवढेच.

मग काय, घरोघर रायफल द्या अशी मागणी करायची? नाही. हे आम्ही स्पष्टच लिहितो, कुणाला आवडो न आवडो. रायफलीची गोळी चुकली तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आमची राने सपाट आहेत. आपण जागलीला असतो तसा शेजारीही त्याच्या शेतात जागलीला असतो. पहाटे मायबहिणी कापूस वेचायला निघालेल्या असतात. इलिनॉयच्या शेतकऱ्याला जे कळले ते आम्हालाही कळले पाहिजे. रायफल चालवायची तर ती उंचावरून खाली, गोळी जनावरातून निघून मातीत जाईल अशीच चालवायची. त्यासाठी लागणारा मचाण आपण ज्वारीच्या राखणीला बांधतोच, तो माळाच थोडा मजबूत बांधावा लागेल. आणि चालवणारा माणूस शिकलेला पाहिजे. भाऊबंदकीचे भांडण ज्याच्या डोक्यात चोवीस तास आहे त्याच्या हाती रायफल द्यायला आम्हीही तयार नाही. गावोगाव असे दोन-तीन तरी आहेत, उगाच पांघरूण घालण्यात अर्थ नाही. चार-पाच गावांत मिळून एक शिकलेला नेमबाज, त्याला चांगली बोल्ट-ॲक्शन रायफल, दुर्बीण आणि वर्षाला सरावाची काडतुसे. आम्हाला एवढ्यावर पुरेसे वाटते.

यात सरकारची दुसरी कडी आहे ती वनखात्याची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याकडे बंदूक वळवूच नये. शिक्षा किमान ३ वर्षांची आहे आणि पीक खाल्ले ही सबब तिथे चालत नाही. रेहेकुरीला आणि कारंजा-सोहोळला काळविटांसाठी अभयारण्ये राखली आहेत, पण काळवीट काही अभयारण्याची हद्द वाचून चरत नाही. रोही आणि रानडुक्कर यांचे वेगळे आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करतात म्हणून त्यांना मारायची लेखी परवानगी वन अधिकारी कलम ११ खाली देऊ शकतो. लेखी हा शब्द लक्षात ठेवा. तोंडी सांगितले, साहेब हो म्हणाले, याला काडीची किंमत नाही. आणि परवानगीने मारलेले जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता ठरते. जिवंत असताना ते आमच्या शेतात जेवते, मेले की सरकारचे होते. टेक्सासमध्ये याच रोह्याचे जमीनमालकाला हजार डॉलर मिळतात.

परवानगी कागदावर आहे, पण ती मिळते कधी? रोही आज रात्री येतो. अर्ज, पंचनामा, पाहणी, टिपणी, सही या वाटेने परवानगी येईपर्यंत ज्वारीचा कडबा झालेला असतो. आणि आलीच, तरी मारायचे कशाने? वनखात्याचा कागद आहे पण बंदूक नाही, किंवा घरात ठासणीची आहे पण वनखात्याचा कागद नाही. दोन खाती, दोन साहेब, दोन कुलपे, आणि किल्ल्या एका दिवशी कधी मिळत नाहीत. त्यात निवडणूक लागली की परवान्याची बंदूक बहुतेकांना ठाण्यात जमा करावी लागते. आमच्या विधानसभेच्या निवडणुका २००४, २००९, २०१४, २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाल्या आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात. म्हणजे ऐन ज्वारी काढणीत, कापूस वेचणीत! मत मागायला पुढारी येतो तेव्हा बंदूक ठाण्यात असते. रोह्याला आचारसंहिता कुणी लावावी?

बिहारमध्ये काय झाले तेही पाहा. २०१५ च्या अखेरीस केंद्र सरकारने तिथल्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर उपद्रवी म्हणून जाहीर केले. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून २०० च्या वर रोही मारले. दिल्लीत केंद्राच्या दोन मंत्र्यांचे उघड भांडण जुंपले. एक म्हणाले राज्याने मागितले म्हणून दिले, दुसऱ्या म्हणाल्या मारण्याची ही कसली हौस. वर्तमानपत्रांना आठवडाभर खाद्य मिळाले. त्या गावांतल्या शेतकऱ्याला त्याच्या शेतात काय हवे आहे हे विचारायची आठवण मात्र कुणाला राहिली नाही. बाहेरचा नेमबाज आला, मारून गेला, दोन वर्षांत कळप पुन्हा तयार होणार हे शेण काढणारे पोरही सांगेल. त्यात आणखी एक गंमत आहे. उत्तरेत या जनावराला नीलगाय म्हणतात, आणि नावात गाय असल्यामुळे हात लावायला लोक कचरतात. तिथे काही ठिकाणी नावच बदलून टाकावे असे प्रस्ताव निघाले. वऱ्हाडातल्या आमच्या पूर्वजांनी त्याला आधीपासून रोही म्हणून ठेवले आहे, हे त्यांचे उपकारच.

आमच्यात माळकरी पुष्कळ आहेत. जीव घेण्याची हौस कुणाला नाही, आणि हा अंक शिकारीच्या शौकाचा पुरस्कार करत नाही. पण योग्य अवजार दिले नाही म्हणून जीव वाचतात हा भ्रम आहे. अवजार दिले नाही की माणूस कुंपणात वीज सोडतो. रात्री अकरा हजाराच्या तारेवर आकडा टाकतो आणि बांधाभोवती तार फिरवतो. त्या तारेला रोही कळत नाही, वाघ कळत नाही, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजाऱ्याचा पोरगाही कळत नाही. अशी मेलेली माणसे आमच्या ओळखीच्या गावांत आहेत. तार लावणारा जन्मभरासाठी गेला, तारेला चिकटलेला तर गेलाच. डुकरासाठी पिठात बारूद घालून ठेवतात, ते शेजाऱ्याची गाय चघळते. हे गुन्हे आहेत आणि आम्ही त्यांचे समर्थन करणार नाही. ज्याच्या शेतात आज रात्री अशी तार आहे, त्याने हा अंक खाली ठेवून आधी ती काढावी.

सौर कुंपणाचा झटका मारक नसतो, ते कुंपण चांगले, पण दोन-तीन एकरवाल्याला त्याचा खर्च झेपत नाही, आणि रोही उंच कुंपणही उडी मारून ओलांडतो. चार शेतकऱ्यांनी मिळून एकच मोठा पट्टा वेढला तर खर्च उतरतो. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहू.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, येत्या जिल्हा मेळाव्याला येताना एवढे लिहून आणा. गावात ठासणीच्या बंदुका किती, बारा बोअर किती, रायफल एखादी तरी आहे का. परवान्याचा अर्ज कोणत्या तारखेला दिला, पोच मिळाली का, आणि किती महिन्यांनी काय उत्तर आले. रोह्यासाठी किंवा डुकरासाठी वनखात्याकडे लेखी परवानगी कधी मागितली, ती कधी आली, तोवर किती एकर गेले. नुकसानभरपाईचा अर्ज केला असेल तर त्याची तारीख आणि हाती पडलेली रक्कम. तारेने माणूस दगावला असेल तर नाव लिहू नका, फक्त साल आणि पीक लिहा. तालुक्याप्रमाणे हे कागद एकत्र करून जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक या दोघांना एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसवून द्यायचे आहेत. त्या म्हाताऱ्याला आम्ही निरोप पाठवला आहे. प्रश्न त्यानेच विचारायचा आहे.